‘बी.डी.डी. चाळ, डिलाईल रोड, मुंबई नं. १३’ – आजोबांच्या पत्रांवरचा हा पत्ता आणि त्यांची गिरणी आज नेमकी कुठे?

हिरण्यकेशी

नमस्कार मंडळी, आमचं गाव आजरा तालुक्यात, जिल्हा कोल्हापूर. आजोबा मुंबईला कापड गिरणीत होते, १९८२ च्या संपात गावी आले ते परत गेलेच नाहीत, आणि मी लहान असतानाच वारले त्यामुळे ह्या विषयावर त्यांच्याशी कधी बोलणंच झालं नाही. आता घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांनी आजीला पाठवलेल्या पोस्टकार्डांचा गठ्ठा सापडला. मजकूर बहुतेक तोच, मनीऑर्डर मिळाली का, म्हैस व्याली का, थोरल्याला शाळेत घातलं का. पण प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा पत्ता आहे : बी.डी.डी. चाळ नं. (इथला आकडा सगळीकडे पुसट झालाय, १४ असेल किंवा १९), डिलाईल रोड, मुंबई नं. १३.

त्याच ट्रंकेत गिरणीचं एक कार्ड पण आहे, इंडिया युनायटेड मिल्स नं. १, खातं साचा, टिकिट नंबर वगैरे. पण माझे वडील आणि आत्या दोघंही सांगतात की आजोबा ‘जेकब मिल’ला होते. मग ह्या दोन गिरण्या होत्या का, म्हणजे आधी एकीत मग दुसरीत? जेकब सर्कल म्हणून मुंबईत एक जागा आहे एवढं मला माहितीये, गिरणी तिथे होती का? आणि मुंबई नं. १३ हा काय प्रकार आहे?

वडिलांचं वय झालंय, ते लहानपणी दोनदा मे महिन्यात तिकडे राहून आलेत, त्यांना एकदा ती जागा दाखवायची फार इच्छा आहे. जाणकारांनी सांगावं, काय उरलंय तिथे आता?

---

करीरोड_पूर्व

फार छान धागा काढलात. मी जन्मापासून ह्याच भागात आहे त्यामुळे बरंच सांगता येईल.

आधी रस्ता. डिलाईल रोड म्हणजे आत्ताचा ना. म. जोशी मार्ग. सात रस्त्यापासून निघतो आणि आर्थर रोडचा नाका ओलांडून करी रोड, लोअर परळ असा वर जातो. नारायण मल्हार जोशी म्हणजे ज्यांनी १९११ ला सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० ला आयटक ही कामगार संघटना स्थापन झाली त्यात जे पुढे होते ते, कामगारांच्या वस्तीतल्या रस्त्याला त्यांचं नाव देणं अगदी योग्यच झालं, पण बोलताना इथले जुने लोक आजही डिलाईल रोडच म्हणतात आणि टॅक्सीवाल्यालाही तेच कळतं. असे ह्या भागातले बरेच रस्ते आहेत, पत्रांत दुसरी नावं आली तर उपयोगी पडतील म्हणून सांगून ठेवतो : आर्थर रोड आता साने गुरुजी मार्ग, फर्ग्युसन रोड आता गणपतराव कदम मार्ग, ग्लोब मिल पॅसेज आता पांडुरंग बुधकर मार्ग, क्लार्क रोड आता केशवराव खाड्ये मार्ग, आणि तुळशी पाईप रोड म्हणजे सेनापती बापट मार्ग (तुळशी तलावाची पाईपलाईन त्या रस्त्याने येते म्हणून तुळशी पाईप).

मुंबई नं. १३ म्हणजे पोस्टाचा झोन. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला, त्याच्या आधी मोठ्या शहरांत असे नुसते नंबर असायचे आणि तोच नंबर पिनकोडच्या शेवटी बसला, म्हणून डिलाईल रोड आजही ४०० ०१३. परळ १२, सात रस्ता ११, दादर १४, वरळी १८, सगळं त्याच हिशोबाने. तुमच्या गठ्ठ्यात ज्या पत्रांवर पूर्ण पिनकोड आहे ती नक्की ७२ नंतरची. उलटं मात्र धरू नका, लोक पुढे कित्येक वर्षं सवयीने नुसतं १३ च लिहायचे.

आता गिरणी. दोन नाही हो, एकच! इंडिया युनायटेड नं. १ म्हणजेच पूर्वीची जेकब ससून मिल. ई. डी. ससून कंपनीच्या मुंबईत बऱ्याच गिरण्या होत्या, त्या १९४० च्या दशकात विकल्या गेल्या आणि नव्या मालकांनी सगळ्यांना इंडिया युनायटेड नाव देऊन पुढे नंबर लावले. चैत्यभूमीजवळची जी इंदू मिल, जिथे बाबासाहेबांचं स्मारक उभं राहतंय, ती ह्याच इंडिया युनायटेडची नं. ६. कागदावर नाव बदललं तरी कामगारांच्या तोंडी जुनं नावच राहिलं, म्हणून तुमच्या घरात जेकब आणि कार्डावर इंडिया युनायटेड.

पण वडिलांना घेऊन जेकब सर्कलला जाऊ नका. ते सर्कल म्हणजे सात रस्ता, आताचा संत गाडगे महाराज चौक, आणि तो जेकब म्हणजे ले ग्रँड जेकब नावाचा कंपनी सरकारच्या काळातला लष्करी अधिकारी, ससून घराण्याशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्या आजोबांची गिरणी परळ-लालबागच्या हद्दीवर डॉ. आंबेडकर रोडला, भारतमाता सिनेमाला लागून. खरंतर भारतमाता थिएटरच त्या गिरणीच्या जागेत आहे.

---

सातरस्ता

वरती रस्त्यांचं सगळं आलंच आहे, मी चाळींबद्दल लिहितो कारण माझं बालपण बीडीडीत गेलंय (वरळीच्या, डिलाईल रोडच्या नाही, पण बांधणी तीच).

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, गव्हर्नर लॉइड यांच्या काळात सरकारने काढलेलं खातं. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची इतकी टंचाई झाली होती की सरकारला स्वतः चाळी बांधायला उतरावं लागलं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी अशा चार ठिकाणी काँक्रीटच्या चाळी उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी, मध्ये बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या, संडास-नळ मजल्याला सामाईक. खोली १६० चौरस फुटांची. वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, तुमच्या डिलाईल रोडला ३२. म्हणजे १४ असो की १९, दोन्ही नंबर बसतात.

आता मुख्य मुद्दा. तुमचे आजोबा एकटे राहत होते ना, आजी गावाला? तर मग ते बहुतेक गावच्या खोलीत राहत असणार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा, चंदगड, गडहिंग्लज ह्या तालुक्यांतल्या लोकांच्या अशा खोल्या डिलाईल रोडला खूप होत्या, आमच्याकडे त्याला गाळा पण म्हणत. एका गावची माणसं मिळून एक खोली घ्यायची, भाडं वाटून भरायचं. वीस-पंचवीस माणसं एका खोलीत कशी मावायची असं आता वाटतं, पण पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एक गट कामावर असताना दुसरा झोपलेला असायचा, आणि उन्हाळ्यात अर्धे लोक बोळात किंवा खाली फूटपाथवर पथारी टाकायचे. प्रत्येकाची ट्रंक भिंतीला लावलेली. गावाहून नवीन पोरगा आला की तो सरळ त्या खोलीवर यायचा (कोल्हापूरची लाईन तेव्हा मीटरगेज होती, पुण्याला गाडी बदलायला लागायची), मग कुणीतरी जॉबरला (गिरणीत माणसं भरणारा मुकादम) सांगून त्याला बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, चिकटवायचा. काम मिळेपर्यंत त्याचं जेवण खोलीतले लोक सांभाळायचे आणि हा नियमच होता, उपकार म्हणून नाही.

म्हणून माझं म्हणणं, चाळीचा नंबर पत्रावर शोधत बसू नका, गावात शोधा. ह्या खोल्यांची मंडळं होती, वर्गणीच्या वह्या होत्या. गावातलं देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, कुठेतरी ‘मुंबईकर मंडळ’ अशी फरशी असेल बघा. नव्वद टक्के असणारच.

---

चिवडागल्ली

माझी आजी लालबागला खाणावळ चालवायची. खाणावळ म्हणजे हॉटेल नव्हे, स्वतःच्याच खोलीत बारा-पंधरा गिरणीवाल्यांना दोन वेळचं जेवण, हिशोब महिन्याचा, पैसे पगाराच्या दिवशी. पगार झाला नाही, गिरणी बंद पडली, संप झाला तर उधारी थेट तिच्या डोक्यावर आणि वाण्याची उधारी वेगळी. व्याजाच्या ह्या फेऱ्यातून सुटण्यासाठी १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणगावचा इतिहास सांगताना मालक, युनियन, संप एवढंच येतं. खाणावळवाली कुठेच नसते, वाईंडिंग खात्यात उभ्याने काम केलेल्या बायका पण नसतात, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. तुमच्या आजोबांच्या पत्रांत जेवणाबद्दल काही उल्लेख असेल तर नक्की बघा, कुणाकडे जेवायचे ते कळलं तर अजून एक धागा हाती लागेल.

आणि चालायचा रस्ता सांगते. आजोबा डिलाईल रोडच्या चाळीतून निघून करी रोडच्या पुलावरून रेल्वे ओलांडायचे आणि आता ज्याला महादेव पालव मार्ग म्हणतात त्या रस्त्याने सरळ भारतमाताला. पंधरा-वीस मिनिटं, ट्रामचा किंवा बसचा पैसा लागायचा नाही. ह्या भागातली सगळी वस्ती अशीच बसलेली आहे, भोंगा ऐकू येईल आणि पायी पोचता येईल एवढ्या अंतरात. पहिली पाळी सकाळी सातची, पहिला भोंगा झाला की रस्ते माणसांनी भरायचे. प्रत्येक गिरणीच्या भोंग्याचा आवाज वेगळा, आजी आवाजावरून सांगायची हा मोरारजी, हा दिग्विजय, आणि त्याप्रमाणे कुणाचं ताट आधी वाढायचं ते तिचं ठरलेलं असायचं.

---

हिरण्यकेशी

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार, मला इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

@सातरस्ता, काल वडिलांना घेऊन रवळनाथाच्या देवळात गेलो. सभामंडपाच्या खांबावर फरशी आहे, लहानपणापासून तिला टेकून बसलोय पण कधी वाचलीच नव्हती! ‘मुंबईकर ग्रामस्थ मंडळ, डिलाईल रोड’ असं स्वच्छ कोरलंय आणि खाली वर्गणीदारांची नावं, त्यात आजोबांचंही आहे. चाळीचा नंबर नाही पण गावातले एक नव्वदीचे आजोबा म्हणाले की खोली एकोणीस नंबरच्या चाळीत होती, दुसऱ्या मजल्यावर, आणि मंडळाची वही त्यांच्या पुतण्याकडे असावी. वहीच्या मागे लागलोय. जेवणाचं पण सापडलं, एका पत्रात ‘घनसाळ तांदूळ पाठवून दे, बाईंना दिला की जेवणाचे पैसे कमी घेतात’ असं लिहिलंय.

अजून एक विचारायचं होतं. साचाखातं म्हणजे विणकाम ना? गावातल्याच दुसऱ्या एका घरातले आजोबा त्याच गिरणीत होते पण सुताच्या बाजूला, आणि त्यांचे नातू म्हणाले की आमच्या लोकांना साच्यावर घेत नव्हते. हे काय होतं?

---

नकाशावेडा

हो, साचा म्हणजे माग, साचेवाला म्हणजे विणकर, आणि गिरणीत त्याचा पगार कताईवाल्यापेक्षा चांगला असायचा.

त्या नातवाने सांगितलं ते खरं आहे आणि ते स्पष्ट लिहायला हवं. धोट्यातलं (धोटा म्हणजे मागात आडवा धागा नेणारं साधन) सूत संपलं की नवीन कांडी घालून धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावं लागे. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्यालाही तोंड लावावं लागणार, म्हणून सवर्ण विणकरांनी दलितांना साच्यावर येऊच दिलं नाही. त्यांना कताईला आणि कमी पगाराच्या कामांना ठेवलं. १९२८ च्या मोठ्या संपात, जो सहा महिने चालला, डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा पुढाऱ्यांसमोर ठेवला होता, की ही बंदी उठवण्याची मागणी तुमच्या यादीत घ्या. बाबासाहेब स्वतः तेव्हा इथेच परळला, दामोदर हॉलजवळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या) चाळीत राहत होते, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत. त्यामुळे गिरणगाव म्हणजे एकजुटीने राहणारी कामगारांची वस्ती एवढंच चित्र काढलं तर ते अर्धवट होतं. एकजूट होती, मी नाकारत नाही, पण त्याच गिरणीत कुणी कुठल्या खात्यात जायचं हे जात ठरवत होती.

आता तिथे काय उरलंय ह्या प्रश्नाकडे. वडिलांना तयार करून न्या कारण खुणा बदलल्यात. डिलाईल रोडवरून वर निघालात की सात रस्त्याकडची अपोलो मिल आता उंच टॉवर, श्रीनिवास मिलच्या जागी वर्ल्ड टॉवर्स, फिनिक्सचा मॉल सगळ्यांनाच माहीत (१२ डिसेंबर १९३० ला विदेशी कापडाच्या ट्रकखाली हुतात्मा झालेले बाबू गेनू ह्याच फिनिक्स मिलचे कामगार), कमला मिलमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं, ज्युपिटर मिलच्या जागी काचेच्या ऑफिस इमारती, दादरला कोहिनूर नं. ३ च्या जागी कोहिनूर स्क्वेअर. एनटीसीने, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, २००५ मध्ये कोहिनूरची जागा ४२१ कोटीला विकली, मुंबई टेक्स्टाईल मिलची ७०२ कोटीला.

---

लोअरपरळ७७

एवढं सगळं लिहिलंत पण मूळ कारण कुणी बोलत नाही. १८ जानेवारी १९८२ चा संप. अडीच लाख माणूस बाहेर पडला आणि तो संप आजपर्यंत अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांनी ताणलं नसतं तर गिरण्या आज चालू असत्या, माझे वडील ह्या संपातच घरी बसले.

---

नकाशावेडा

तुमच्या वडिलांनी जे सोसलं त्याच्यावर मी बाहेरून बोलणं बरोबर नाही. पण सगळा दोष संपावर टाकणं मला पटत नाही, आणि कारणं सांगतो.

कामगार सामंतांकडे का गेले ते बघा. १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्यामुळे मालकांशी बोलणी करण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला, आणि ती युनियन बोनसवर जे ठरवून आली ते कामगारांना मान्य नव्हतं. म्हणजे ज्यांच्यामागे कामगार होते त्यांना कायद्याने बोलता येत नव्हतं. गिरण्यांची यंत्रं कित्येक ठिकाणी जुनाट, मालकांनी नफा दुसऱ्या धंद्यात नेलेला, कापडाचं उत्पादन भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे चाललेलं. हे सगळं ८२ च्या आधीपासून चालू होतं.

आणि संपानंतर बऱ्याच गिरण्या पुन्हा सुरू झाल्याच होत्या, कमी माणसांत का होईना. त्या कायमच्या गेल्या त्या जमिनीमुळे. १९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला, की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. सुमारे सहाशे एकर जमिनीचा प्रश्न होता. मग २००१ मध्ये बदल केला, की ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, बांधकामाखालची जमीन त्यात धरायची नाही. गिरणी म्हणजे बहुतेक शेडच, मोकळी जागा असते किती? शहराच्या वाट्याला तुकडे आले. हे कोर्टात गेलं, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने बदल कायम ठेवला. माझ्या मते गिरणगावचा निकाल संपाच्या मैदानात लागला नाही, ह्या एका ओळीच्या दुरुस्तीत लागला.

---

लोअरपरळ७७

नियमाचं मान्य. पण आमच्या मजल्यावरच्या सतरा घरांत त्या दोन वर्षांत काय झालं ते मी पाहिलंय, दागिने गेले, भांडी गेली, पोरांच्या शाळा सुटल्या. पुढाऱ्याने माणसांना परत आत नेण्याचा रस्ता पण ठेवायला हवा होता, एवढंच माझं म्हणणं आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

---

करीरोड_पूर्व

दोघांचंही वाचलं. आमच्या घरात पण हा वाद मिटलेला नाही, काका आणि वडील वेगवेगळं बोलतात.

@हिरण्यकेशी, तुमच्यासाठी कामाचं. एक, ते गिरणीचं कार्ड जपा, लॅमिनेट करू नका, शाई खराब होते. आजोबा संपात बाहेर पडले म्हणजे १ जानेवारी १९८२ ला पटावर असणार, आणि म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी पात्रतेची तारीख तीच आहे, वारसांनाही लागू. घरच्यांनी तेव्हा फॉर्म भरला होता का ते आत्यांना विचारा, भरला असेल तर त्याची पावती आणि हे कार्ड एकत्र ठेवा. राज्य विमा योजनेचं किंवा फंडाचं काही असेल तर तेही.

दोन, बीडीडीचं काम म्हाडा करतंय, १६० फुटांच्या बदल्यात तिथल्या रहिवाशांना ५०० फुटांचं घर. वरळीत पहिल्या चाव्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये मिळाल्या. डिलाईल रोडलाही चाळी पाडायला घेतल्यात. त्यामुळे एकोणीस नंबर बघायची असेल तर पुढच्या मे महिन्याची वाट बघू नका.

तीन, त्या काळातले पगार, पाळ्या, घरभाडी, कामगाराच्या जेवणाचा खर्च हे सगळं वाचायचं असेल तर सरकारचं ‘लेबर गॅझेट’ आहे, १९२१ पासूनचं. आजोबांचं नाव त्यात नसेल, पण त्यांच्या मनीऑर्डरच्या रकमा समोर ठेवून वाचलंत तर पगारातला किती भाग गावी जात होता ते काढता येईल.

येताना दादरला उतरून स्लो लोकलने करी रोडला या. पश्चिमेला चाळी, पूर्वेला भारतमाता. वडिलांना जिना जमत नसेल तर टॅक्सीने सरळ भारतमाताला उतरा आणि तिथून उलटं चाळीकडे चला. मला निरोप टाका, मी येतो सोबत.

---

हिरण्यकेशी

नक्की कळवतो. आत्याने फॉर्म भरला होता, पावती तिच्याकडे आहे. आणि मंडळाची वही मिळाली! पहिली नोंद १९५३ ची आहे, वर्गणी आठ आणे. पानांचे फोटो काढून झाले की इथे टाकतो, बाकीच्या आजरेकरांना पण आपापली माणसं सापडतील.